मोतीबिंदू, खाणंपिणं आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटना आहाराचा सल्ला देते. तपासणी झाली की लोक माझ्या टेबलाशी येतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतेय. डोळे तपासून औषध देणं हे डॉक्टरांचं काम, माझं काम ताटापुरतं, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

नीट खाल्लं तर मोतीबिंदू होतच नाही का?

नाही, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग थोडंफार धुरकट होतंच, पुरेसं आयुष्य मिळालं तर जवळपास प्रत्येकालाच होतं. प्रश्न एवढाच की ते पंचावन्नला होणार की पंचाहत्तरला, आणि किती भरभर वाढणार. त्यावर खाण्याचा परिणाम होत असावा असं बरेच अभ्यास सांगतात. दहा वर्षं उशिरा आला तरी खूप झालं की हो. आपल्या देशात २०१५ ते २०१९ मध्ये जो राष्ट्रीय सर्व्हे झाला त्यात पन्नाशीच्या पुढच्या लोकांमधल्या अंधत्वापैकी ६६ टक्के मोतीबिंदूमुळे होतं, म्हणजे ज्याचं ऑपरेशन होऊ शकतं अशा गोष्टीमुळे माणसं अंधारात बसली आहेत.

पण खाण्याचा आणि डोळ्यातल्या भिंगाचा संबंधच काय?

भिंग म्हणजे मुख्यतः पाणी आणि प्रोटीन. त्यात रक्तवाहिनी एकही नाही, रक्तवाहिन्या असत्या तर आरपार दिसलंच नसतं. मग त्याला खायला कोण घालतं, तर डोळ्याच्या पुढच्या भागात जे पाण्यासारखं द्रव असतं त्यातूनच सगळं मिळतं. आणि दुसरी गोष्ट अशी की भिंगाच्या गाभ्यातलं प्रोटीन आईच्या पोटात असताना तयार झालेलं असतं आणि ते आयुष्यभर बदलत नाही. कातडीच्या पेशी नव्या येतात, रक्त नवं बनतं, पण हे प्रोटीन सत्तर-ऐंशी वर्षं तेच. त्यावर रोज ऊन पडतं, साखर चिकटते, ऑक्सिडेशन होतं, म्हणजे ऑक्सिजनमुळे झीज होते, आणि ते हळूहळू गोळा होऊन पांढरट पडतं, अंड्यातला पारदर्शक भाग तव्यावर पडला की पांढरा होतो ना तसं, फक्त इथे तेच काम अनेक वर्षांत होतं.

आता या ऑक्सिडेशनपासून वाचवायला शरीराने भिंगात बंदोबस्त केलेला आहे. ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ भिंगात भरपूर असतो, आणि डोळ्यातल्या त्या द्रवात व्हिटॅमिन सी रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त साठवलेलं असतं. विशेष म्हणजे दिवसा वावरणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यात ते जास्त आणि रात्री फिरणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यात कमी असतं, म्हणजे उन्हाशी त्याचा काहीतरी संबंध असणार. आणि व्हिटॅमिन सी माणसाच्या शरीरात बनत नाही, ते ताटातूनच यावं लागतं. एवढं कळलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

व्हिटॅमिन सी कमी पडल्याने खरंच मोतीबिंदू होतो असं सिद्ध झालंय का?

"सिद्ध" हा मोठा शब्द आहे, पण आपल्याच देशातला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, उत्तरेत हरियाणा आणि दक्षिणेत पुद्दुचेरीच्या भागात साठीच्या वरच्या पाच हजारांहून जास्त लोकांचे डोळे तपासले आणि रक्तातलं व्हिटॅमिन सी मोजलं. ज्यांच्या रक्तात सी जास्त त्यांच्यात मोतीबिंदूचं प्रमाण साधारण ४० टक्क्यांनी कमी निघालं. त्याहून धक्कादायक भाग पुढचा आहे, उत्तरेकडच्या ७४ टक्के आणि दक्षिणेकडच्या ४६ टक्के म्हाताऱ्या माणसांत व्हिटॅमिन सीची सरळसरळ कमतरता होती. पेरू आणि आवळ्याच्या देशात! आणि ही कमतरता कोणात जास्त होती तर पुरुष, तंबाखू खाणारे-ओढणारे, चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या घरातले आणि अंगाने खंगलेले लोक.

लंडनला जुळ्या बहिणींवर एक अभ्यास झाला, २०१६ साली आला, त्यात जेवणातून जास्त व्हिटॅमिन सी घेणाऱ्या बायकांचा मोतीबिंदू दहा वर्षांत वाढण्याचा धोका ३३ टक्क्यांनी कमी दिसला. त्याच अभ्यासात असंही निघालं की मोतीबिंदू वाढण्यात अनुवंशिकतेचा वाटा साधारण ३५ टक्के, बाकीचा राहणीमान आणि परिस्थितीचा. त्यामुळे "आमच्या घराण्यातच आहे" म्हणून हात टेकायचं कारण नाही.

अर्थात दोन्ही अभ्यास निरीक्षणाचे आहेत, म्हणजे लोकांना काही देऊन पाहिलं नाही, ते काय खातात आणि त्यांना काय होतं एवढंच बघितलं. जो माणूस रोज फळं खातो तो बहुधा सिगरेट ओढत नाही, दोन पैसे बाळगून असतो, डॉक्टरकडे वेळेवर जातो. अभ्यास करणारे हे फरक हिशोबात धरतात पण सगळे धरता येत नाहीत.

मग सरळ व्हिटॅमिन सीची गोळी का घेऊ नये? स्वस्त पण आहे.

इथेच लोक फसतात आणि इथेच मला सगळ्यात जास्त बोलावं लागतं. गोळ्या देऊन बघितल्या आहेत हो, एकदा नाही अनेकदा. अमेरिकेत एआरईडीएस नावाचा मोठा अभ्यास झाला, २००१ मध्ये निकाल आला, रोज ५०० मिलिग्रॅम सी, ४०० युनिट ई आणि बीटा कॅरोटीन (गाजरातला ज्याचं शरीरात व्हिटॅमिन ए बनतं तो पदार्थ) सहा वर्षांहून जास्त दिलं, मोतीबिंदूवर काही फरक नाही. मग चौदा हजारांच्या वर पुरुष डॉक्टरांनाच सी आणि ई आठ वर्षं देऊन पाहिलं, २०१० मध्ये निकाल, फरक नाही. बायकांवर फक्त ई देऊन बघितलं, त्यातही नाही.

आणि कोणी म्हणेल की ते गोरे लोक, पोटभर खाऊनपिऊन असलेले, आपलं वेगळं, तर तामिळनाडूत मदुराईच्या बाजूच्या खेड्यांमध्ये पण प्रयोग झालाय. ३५ ते ५० वयाच्या ७९८ लोकांना बीटा कॅरोटीन, सी आणि ई आठवड्यातून तीनदा अशी पाच वर्षं दिली. २००६ ला निकाल आला, मोतीबिंदूच्या वाढीत काहीही फरक पडला नाही.

मला विचाराल तर याची दोन कारणं असावीत. एक म्हणजे मोतीबिंदू बनायला तीस-चाळीस वर्षं लागतात, पाच वर्षांच्या गोळ्यांनी त्याचं काय होणार. दुसरं म्हणजे पेरूत नुसतं सी नसतं, पालकात नुसतं ल्युटीन नसतं, बरोबर शेकडो गोष्टी असतात आणि त्या एकत्र काम करतात, आणि जो पेरू खातो तो त्या वेळी बिस्किट खात नाही, हा फायदा गोळीत कुठून येणार.

जास्त डोस घेतला तर फायदा होईल का?

उलटं होऊ शकतं. स्वीडनमध्ये चोवीस हजारांवर बायकांचा अभ्यास आहे, ज्या साधारण १००० मिलिग्रॅम सीच्या गोळ्या घेत होत्या त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनची वेळ २५ टक्के जास्त आली. पुरुषांवरच्या अभ्यासातही जास्त डोसच्या सी आणि ई दोन्हींबाबत असंच दिसलं. पुन्हा सांगते, हे निरीक्षण आहे, गोळीमुळेच झालं असं ठाम म्हणता येत नाही, पण "निदान नुकसान तरी नाही ना" असं जे आपण धरून चालतो ते तरी धरू नका. सीच्या जास्त डोसने पुरुषांमध्ये मुतखड्याचा धोका वाढलेला दिसलाय. व्हिटॅमिन ई ४०० युनिट रोज घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त आढळला. आणि बीटा कॅरोटीनच्या गोळ्या सिगरेट-बिडी ओढणाऱ्यांनी अजिबात घ्यायच्या नाहीत, फिनलंड आणि अमेरिकेच्या दोन मोठ्या प्रयोगांत अशा लोकांत फुफ्फुसाचा कॅन्सर वाढला होता. गाजर खा, खुशाल खा, गोळी नको.

ल्युटीनच्या कॅप्सूल घ्यायच्या का? मेडिकलवाला म्हणतो डोळ्यांसाठी बेस्ट आहेत.

ल्युटीन आणि झियाझँथिन ही पिवळी रंगद्रव्यं डोळ्याच्या पडद्यात आणि थोडी भिंगातही असतात, कॅरोटिनॉइड जातीतली भिंगात सापडणारी हीच दोन. म्हणून आशा होती. एआरईडीएस-२ नावाच्या अभ्यासात चार हजारांवर लोकांना १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन दिलं, निकाल २०१३ चा. सगळ्यांचा मिळून विचार केला तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये फरक पडला नाही. पण ज्यांच्या जेवणात ल्युटीन सगळ्यात कमी होतं त्या गटात मात्र ऑपरेशनची गरज सुमारे ३२ टक्क्यांनी कमी झाली. याचा अर्थ मी असा घेते की ज्याच्या ताटात हिरवी भाजी नाही त्याला काहीतरी कमी पडतंय, आणि ते भरून काढायला पालक, मेथी, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मका, अंड्याचा पिवळा बलक हे सगळं बाजारात आहेच.

एक गोष्ट स्पष्ट करते. त्या कॅप्सूल पडद्याच्या एका आजारासाठी, म्हणजे वयानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या झिजेसाठी, मधल्या आणि पुढच्या स्टेजला डॉक्टर लिहून देतात, तिथे त्यांचा उपयोग आहे. तुमच्या डॉक्टरांनी त्यासाठी दिल्या असतील तर माझं वाचून बंद करू नका.

मल्टिव्हिटॅमिनचं काय?

हे एकच थोडं आशादायक आहे. त्याच अमेरिकन डॉक्टरांना रोज एक साधी मल्टिव्हिटॅमिन गोळी ११ वर्षं दिली, मोतीबिंदू ९ टक्क्यांनी कमी झाला. ९ टक्के ऐकायला बरं वाटतं पण हिशोब करून बघा, शंभरात साधारण १६ जणांना होणार होता तो १५ जणांना झाला. इटलीत पार्मा शहराच्या भागात पण असा प्रयोग झाला, तिथे गाभ्यातला मोतीबिंदू कमी झाला पण भिंगाच्या मागच्या बाजूला होणारा, जो जास्त त्रास देतो, तो जवळपास दुप्पट झाला.

चीनमधल्या लिनशियन भागातला १९९३ चा प्रयोग मला आपल्यासाठी जास्त जवळचा वाटतो कारण तिथली माणसं गरीब आणि कुपोषित होती. ६५ ते ७४ वयाच्या लोकांत मल्टिव्हिटॅमिनने गाभ्यातला मोतीबिंदू ३६ टक्के कमी दिसला आणि बी-२ आणि नायसिन देऊनही चांगला फरक पडला. बी-२ दूध-दही-ताक, अंडी आणि पालेभाज्यांत असतं. तर ज्या म्हाताऱ्या माणसाचं खाणं अगदीच उतरलंय, दोन घास भात आणि चहावर दिवस चाललाय, त्याला डॉक्टरांना विचारून साधी मल्टिव्हिटॅमिन द्यायला माझी हरकत नसते. नीट जेवणाऱ्याने पैसे वाया घालवू नयेत.

ठीक आहे, मग रोज नेमकं काय खायचं ते सांगा.

सीपासून सुरू करते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम आवळ्यात २५० मिलिग्रॅमच्या आसपास, पेरूत २०० च्या वर, शेवग्याच्या पाल्यात आणि ढोबळी मिरचीत शंभरच्या पुढे, आणि संत्र्या-पपईत चाळीस-पंचेचाळीस मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असतं. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं किती, तर पुरुषांना ८० आणि बायकांना ६५ मिलिग्रॅम. म्हणजे एक मध्यम पेरू खाल्ला की दिवसाची गरज भागून वर उरतं. सफरचंदात याच्या कितीतरी कमी असतं, पण आजारी माणसाला बघायला जाताना आपण नेतो सफरचंदच, कारण पेरू म्हणजे स्वस्त आणि वर खोकला होईल ही भीती.

दुसरं म्हणजे करायची पद्धत. सी पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नासतं. आपल्याकडे पालेभाजी आधी चिरतात मग धुतात, मग भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून देतात, मग फोडणीत पुन्हा शिजवतात, आणि सकाळची भाजी रात्री पुन्हा गरम होते. यातून सी फारसं उरत नाही. आधी धुवा मग चिरा, झाकण ठेवून थोडक्या पाण्यात पटकन शिजवा, आणि ताटात लिंबाची फोड असू द्या, वरून पिळा, वरण उकळत असताना त्यात पिळू नका. कोथिंबीर पण गॅस बंद केल्यावर टाका. ल्युटीनचं मात्र वेगळं, ते तेलात विरघळतं, त्याला शोषून घ्यायला थोडी चरबी लागते, त्यामुळे लसणाची फोडणी दिलेली मेथी, दाण्याचं कूट घातलेली पातळ भाजी ही आपली रीत अगदी योग्य आहे. "तेल बंद केलंय मॅडम, भाजी नुसती उकडून खातो" असं कौतुकाने सांगणारे भेटतात, त्यांना मी एक चमचा तेल परत सुरू करायला सांगते.

रोज एक वाटी पालेभाजी, एक सी असलेलं फळ, कोशिंबीर, डाळ-उसळ, दही किंवा ताक. जवस, तीळ, शेंगदाणे यातून ई मिळतं. भाजी बदलती ठेवा, आज चाकवत, उद्या माठ, परवा अंबाडी.

आईला दात नाहीत, पेरू चावत नाही, कोशिंबीर नको म्हणते. काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. परवा एक आजी आल्या होत्या, सुनेने पिशवीतून चार डबे काढून टेबलावर ठेवले, ल्युटीन, व्हिटॅमिन ई, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि आणखी एक, महिन्याचा खर्च हजाराच्या पुढे. मी आजींना विचारलं की काल दिवसभर काय खाल्लं ते सांगा. सकाळी चहा-बटर, दुपारी वरण-भात, चार वाजता चहा-बिस्किट, रात्री दूध-भात. मी म्हटलं भाजी? तर म्हणाल्या, "अगं चावत न्हाई, मग सोडून दिली." फळ? केळं, कधीमधी. कवळी होती, पण टोचते म्हणून डबीत ठेवलेली.

त्या घरात प्रेमाची काही कमी नव्हती, सून सुट्टी टाकून आली होती. फक्त ताटाकडे कोणी बघितलं नव्हतं. आधी कवळी नीट करून आणा, दातांच्या डॉक्टरांना दाखवा, हे मी डोळ्यांच्या दवाखान्यात बसून सांगते तेव्हा लोकांना नवल वाटतं. तोवर पिकलेला मऊ पेरू बिया काढून कुस्करून द्या, पपई द्या, संत्र्याच्या फोडी सोलून द्या, काकडी-गाजर किसून दह्यात घाला, टोमॅटोचं सार, पालक घोटून डाळीत, मेथी बारीक चिरून मुगाच्या खिचडीत, शेवग्याचा पाला पिठात मळून मऊ भाकरी. ताज्या आवळ्याचा रस पाण्यात घालून मीठ-जिरं टाकून देता येतो. गाळलेला फळांचा ज्यूस शक्यतो नको, साखर तेवढी येते आणि चोथा जातो.

गाजर खाल्ल्याने मोतीबिंदू टळतो ना?

गाजरातून व्हिटॅमिन ए मिळतं. ए कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, डोळे कोरडे पडतात, लहान मुलांची बुबुळं खराब होतात, म्हणून मुलांना ए चा डोस देतात. पण तो वेगळा आजार आणि मोतीबिंदू वेगळा. गाजर चांगलंच आहे, फक्त त्यावर मोतीबिंदूचा भरवसा ठेवू नका.

शाकाहारी लोकांना कमी होतो का?

इंग्लंडमध्ये सुमारे २७ हजार लोकांचा अभ्यास आहे, २०११ चा. भरपूर मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारींना साधारण ३० टक्के आणि दूधही न घेणाऱ्या पूर्ण शाकाहारींना ४० टक्के कमी धोका दिसला. पण तिथला शाकाहारी म्हणजे पोत्याने भाज्या-फळं खाणारा. आपल्याकडचा शाकाहार बऱ्याच घरात पोळी, भात, बटाटा, शेव आणि गोड यावर चालतो. आणि आपल्याकडे उलटी बाजूही आहे, १९८९ च्या भारत-अमेरिकेच्या संयुक्त अभ्यासात दिल्लीच्या पेशंटमध्ये प्रोटीन कमी असलेलं जेवण आणि कमी वजन या दोन्हींचा मोतीबिंदूशी संबंध दिसला होता. त्यामुळे अंडी-मासे खाणाऱ्यांनी सोडायची काही गरज नाही. कोकण-गोव्याकडे बांगडा-तारली खातात ते चांगलंच, हृदयाला उत्तम, मोतीबिंदूसाठी म्हणून वेगळा फायदा सिद्ध झालेला नाही.

डायबेटिस आहे. मला जास्त धोका आहे का?

हो, बराच. डायबेटिसवाल्यांना मोतीबिंदू लवकर होतो, धोका दोन ते पाच पट धरतात. रक्तात साखर वाढली की ती भिंगात शिरते, तिथलं एक एन्झाइम तिचं सॉर्बिटॉल बनवतं, सॉर्बिटॉल बाहेर पडू शकत नाही, ते पाणी ओढून घेतं आणि भिंग फुगतं. म्हणूनच शुगर वरखाली झाली की चष्म्याचा नंबर पण वरखाली होतो, अशा वेळी घाईने नवा चष्मा करू नका, आधी शुगर स्थिर होऊ द्या.

सगळी व्हिटॅमिन्स एका बाजूला आणि शुगरचा कंट्रोल एका बाजूला ठेवला तर मी शुगर निवडेन. चहातली साखर, बिस्किटं, खारी-टोस्ट, उपवासाची साबुदाणा खिचडी, बटाट्याचा कीस, हे तपासा. आणि च्यवनप्राश डोळ्यांना चांगला म्हणून रोज दोन चमचे खाणारे डायबेटिसचे पेशंट मी पाहते, त्यात साखर भरपूर असते. मोरावळ्याचं तेच, शिवाय पाकात उकळल्यावर आवळ्यातलं सी पण बरंच जातं. ताजा आवळा किसून मीठ लावून खा.

दुधाने मोतीबिंदू होतो असं वाचलं, खरं का?

काही बाळांना जन्मतःच गॅलॅक्टोसेमिया नावाचा दुर्मिळ आजार असतो, दुधातली एक साखर त्यांना पचवता येत नाही आणि त्यामुळे मोतीबिंदू होतो. लवकर ओळखून दूध बंद केलं तर तो ओसरूही शकतो. बाकी सगळ्यांनी दूध-दही बिनधास्त घ्यावं.

हळद, त्रिफळा, मध, कांद्याचा रस?

हळदीवर हैदराबादच्याच राष्ट्रीय पोषण संस्थेत उंदरांवर काम झालंय. हळदीतलं कर्क्युमिन अगदी थोड्या प्रमाणात दिलं तर मोतीबिंदू उशिरा आला, पण प्रमाण पाच पट केल्यावर तो उलट लवकर पिकला. मला हे फार बोलकं वाटतं, भाजीतली चिमूटभर हळद ठीक, कॅप्सूलचा मारा नको. त्रिफळ्याचेही प्राण्यांवरचे निकाल चांगले आहेत, माणसांमध्ये मोतीबिंदू थांबल्याचा भक्कम पुरावा अजून नाही. पोटासाठी वैद्यांनी दिला असेल तर घ्या.

पण डोळ्यात काही घालायचं नाही. मध नाही, कांद्याचा रस नाही, घरी गाळलेलं त्रिफळ्याचं पाणी नाही, गुलाबपाणी नाही. या गोष्टी निर्जंतुक नसतात, बुबुळाला इन्फेक्शन होऊन फूल पडलं तर मोतीबिंदूचं ऑपरेशन करूनही नजर पूर्ण येत नाही. मोतीबिंदू विरघळवणारे ड्रॉप्स म्हणून ऑनलाइन जे विकतात त्यांचाही पुरावा नाही. २०१५ मध्ये लॅनोस्टेरॉलने कुत्र्यांचा मोतीबिंदू कमी झाल्याची मोठी बातमी झाली होती, पुढे माणसाच्या काढलेल्या भिंगावर करून बघितलं तर काही झालं नाही. कृपा करून आईवडिलांच्या डोळ्यात प्रयोग करू नका.

खाण्याशिवाय काय सांभाळायचं?

तंबाखू. सिगरेट-बिडीने गाभ्यातला मोतीबिंदू दोन-तीन पट वाढतो आणि रक्तातलं सी पण संपतं. मिश्री लावणाऱ्या बायका मिश्रीला तंबाखू धरतच नाहीत, ती पण तंबाखूच. ऊन: शेतात, होडीवर, रस्त्यावर काम करणाऱ्यांनी टोपी आणि यूव्ही अडवणारा गॉगल वापरा. अमेरिकेत चेसापीक खाडीतल्या ८३८ मच्छीमारांवरच्या १९८८ च्या अभ्यासात ज्यांना जास्त अतिनील किरणं मिळाली त्यांना भिंगाच्या कडेचा मोतीबिंदू जास्त दिसला. चुलीचा धूर. आणि स्टेरॉइड, गुडघेदुखी किंवा दम्यासाठी कोणी पुड्या देत असेल तर त्यात स्टेरॉइड आहे का ते विचारा, त्याने तरुण वयातही भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू होतो. मात्र डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मनाने एकदम बंद करायचं नाही.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, पालेभाजी खाऊ का?

वॉरफेरिन किंवा असिट्रोम असेल तर पालेभाज्यांतल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा परिणाम बदलतो. भाजी सोडायची नाही, पण रोज साधारण तेवढीच खायची आणि वाढवायची असेल तर डॉक्टरांना सांगून. व्हिटॅमिन ईच्या गोळ्या अशा लोकांनी मनाने घेऊच नयेत. किडनीचा त्रास असेल तर पालक, आवळा, सीच्या गोळ्या सगळंच विचारून.

मोतीबिंदू झालाच आहे. आता चांगलं खाल्लं तर जाईल का? की पिकू द्यायचा?

जाणार नाही. पांढरं पडलेलं प्रोटीन पेरूने किंवा गोळीने पारदर्शक होत नाही, धुरकट भिंग काढून नवीन बसवणं एवढा एकच उपाय आहे.

"आजोबांना आता चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो, आवळ्याचा गुण आला" असंही ऐकते. गाभा कडक झाला की भिंगाची ताकद वाढते आणि काही दिवस जवळचं चष्म्याशिवाय दिसतं. ते मोतीबिंदू वाढत असल्याचं लक्षण आहे, तपासून घ्या.

पिकू द्यायची पद्धत जुन्या ऑपरेशनच्या काळातली. आता फेको नावाच्या पद्धतीने ऑपरेशन छोट्या चिरेतून होतं आणि फार पिकलेला, कडक झालेला मोतीबिंदू काढणंच अवघड जातं. फार थांबलं तर भिंग फुगून किंवा झिरपून डोळ्यातलं प्रेशर वाढतं, डोळा लाल होतो, भयंकर दुखतो आणि नजर कायमची जाऊ शकते. रात्री समोरच्या गाडीच्या लाइटने काही दिसेनासं होणं, रंग फिके वाटणं, सुईत दोरा न जाणं, पायरी चुकणं, चष्म्याचा नंबर सारखा बदलणं, यातलं काही असेल तर दाखवा. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन मोफत होतं.

ऑपरेशननंतर आंबट बंद, वांगं बंद, भात बंद असं सासूबाई म्हणतात.

भाताने किंवा डाळीने डोळ्यात पू होत नाही. इन्फेक्शन होतं ते घाणेरड्या हाताने, डोळा चोळल्याने, डोक्यावरून अंघोळीचं पाणी डोळ्यात गेल्याने, ड्रॉप्सच्या बाटलीचं तोंड पापणीला लावल्याने. जेवण नेहमीचं, शुगर असेल तर त्याप्रमाणे. लिंबू, पेरू, संत्री सगळं चालतं. पाणी भरपूर आणि बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, जोर करायला लागू नये म्हणून पालेभाजी आणि फळं मुद्दाम द्या. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना पुढच्या तपासणीला बरोबर घेऊन या, डॉक्टरांनी समोर सांगितलं की ऐकतात.

माझं वय ३५ आहे, आत्तापासून काय करू?

वर लिहिलंय तेच, आणि सवय लावायला हेच वय बरं. चाळिशीनंतर दोन वर्षांतून एकदा बाहुली मोठी करून डोळे तपासा, डायबेटिस असेल तर वय कितीही असो दरवर्षी. आणि आईवडील गावी राहत असतील तर पुढच्या फोनवर औषधं घेतली का याच्याबरोबर काल जेवणात भाजी कोणती होती तेही विचारा.